हुरड्याचा बैल

दादा,

शेत सोडून परक्यांची फुलं लावायला निघालीस, असं म्हणालास आणि तीन वर्षं माझ्याशी बोलला नाहीस. आता ऐक.

झाशीच्या बागेत आम्हा बाहेरगावच्या माळ्यांना यंदा साहेबांनी आपापल्या गावचं पीक पेरून चित्र काढायला सांगितलं. गरौठ्याच्या भैयाने हरभऱ्याचा मोर काढला. मी ज्वारीचा बैल काढला. बागेतल्या पुलावरून बघितलं तर हुबेहूब आपला सर्जा! पुढे पाटी लागली, "छूना मना है."

कणसं हुरड्याला आली आणि मला राहवेना. पाटीमागेच गोवऱ्या पेटवून मी बैलाची शिंगं भाजली. तेवढ्यात साहेब आले. नोकरी गेलीच असं धरलं, पण आल्यागेल्याच्या हातावर हुरडा ठेवायची आपली रीत, म्हणून ठेवला. ते खाऊन म्हणाले, "पार्वतीजी, पूँछ भी भूनिए."

दुपारपर्यंत अख्ख्या ऑफिसनं बैल फस्त केला. शेपूट मात्र मी दिली नाही. बैलाचं सगळं बियाणं मी घर सोडताना तुझ्या मडक्यातून न विचारता उचललं होतं.

म्हणून नुसतं पत्र टाकून भागवत नाही. शेपटीची कणसं वाळली की ती घेऊन मीच येते. मडकं रिकामं करून ठेव.

तुझी चोरटी,
पारू