मंजुरी बाकी

१२ मार्च

प्रिय दादा,

इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त झाला, माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. पत्र बघून हसशील. पण तुझी मेल तुझे विद्यार्थी उघडतात, आणि फोनवर मला रडू येतं.

ब्लॉगवरचा तुझा नवा लेख वाचला. शत्रूने हल्ला करायच्या आधीच त्याच्यावर बॉम्ब टाकणं कायद्यात बसतं, हे तुझं जुनं म्हणणं चुकीचं होतं, असं तू सरळ लिहिलंस. त्याला छाती लागते रे. त्या जुन्या लेखावरूनच बाबांनी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. "जन्मभर मी वर्गात कायदा शिकवला आणि माझ्याच घरात हे?" म्हणून केवढे ओरडले होते!

मागच्या फोनवर तू खुशीत होतास. "लेखाखाली किरकिर करणाऱ्या त्या 'एक वाचक'ला ब्लॉक केलं एकदाचं. मेला प्रत्येक तळटीपेत खोट काढायचा!" मी नुसतं हूं म्हटलं.

अरे शहाण्या, तुझ्या तळटीपा इतक्या बारकाईने वाचणारं जगात दुसरं कोण असणार?

हो, बाबाच. ब्लॉग सुरू झाल्यापासून. तोंडाने तुझं नाव घ्यायचे नाहीत, पण नवा लेख आला की जेवण गार व्हायचं. पोटच्या पोराला "तुम्ही" म्हणून लिहायचे, मला हसू आवरायचं नाही.

आता खरं सांगते. सगळं ठीक नाही. गेल्या महिन्यात बाबांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तुला कळवू का विचारलं तर मान हलवून नको म्हणाले. आज मी त्यांचं ऐकणार नाही.

तुझा नवा लेख मी त्यांना वाचून दाखवला. मग त्यांनी खुणेने लॅपटॉप मागितला आणि डाव्या हाताने एकेक अक्षर शोधत सबंध दुपार घालवली. "तिसऱ्या तळटीपेत निवाड्याचं वर्ष चुकलं आहे. बाकी सगळं पटलं. चूक कबूल करणं मला कधी जमलं नाही. तुम्हाला जमलं. — एक वाचक."

तुझ्याकडे ब्लॉक केलेल्यांच्या कप्प्यात ती कमेंट पडली असेल. त्यांच्या स्क्रीनवर 'मंजुरी बाकी' एवढंच दिसतं. रोज सकाळी लॅपटॉपकडे बोट दाखवतात. मी म्हणते, दादा कामात असेल.

डॉक्टर म्हणाले, ज्यांना भेटायचं असेल त्यांना लवकर बोलवा. तू निघच. पण निघायच्या आधी ती कमेंट मंजूर कर आणि खाली उत्तर लिही. बाबा म्हणू नकोस, ओशाळतील. "वर्ष दुरुस्त केलं, आभारी आहे," एवढं पुरे. मी मोठ्याने वाचून दाखवीन. ऐकू येतं त्यांना अजून.

लॅपटॉप त्यांच्या उशाशीच उघडा ठेवलाय.

तुम्हा दोघांच्या मधे उभी,
तुझी चिमणी