कोनशिला कुठं रोवायची

नांदेड, २ मार्च १९८६

चि. सौ. पंचशीला हिस रामकिशनचे अनेक आशीर्वाद व सप्रेम जय भीम. वि. वि.

आधी गोड बातमी. आपल्या वस्तीची घरकुलं मंजूर झाली! वीस घरं, पक्क्या विटांची. विष्णुपुरी धरणाची कचेरी सांभाळून लातूरला चकरा मारल्या, त्याचं चीज झालं. तुझी वहिनी म्हणते, जिल्हा नवा झाला आणि माझ्या नवऱ्याच्या चपला जुन्या झाल्या.

जागा गावाबाहेरच्या माळावर ठरली आहे. सरपंच बापूसाहेबांनी आपणहून पुढं होऊन गायरान मोकळं करून दिलं. माणूस बदलतो म्हणायचं. पंचवीस तारखेला मुंबईचे बडे पाहुणे कोनशिला बसवायला येणार आहेत. त्याआधी सगळ्यांनी संमतीचे अंगठे द्यावेत. आईला तू समजाव, आणि तोवर स्वतःच्या जिभेला जरा लगाम घाल. बालवाडीतली पोरं तुझं ऐकून घेतात म्हणून सरपंचानंही ऐकावं असं नाही.

पाण्याचं काय करता ते सविस्तर लिही. आमचे जावई ज्ञानोबांना जय भीम. माया आहेच, ती उन्हानं आटू देऊ नकोस.

तुझा दादा,
रामकिशन

निंबोळगाव, ९ मार्च १९८६

ती. दादास पंचशीलाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

पत्र वाचून दाखवलं. घरं मंजूर झाली म्हणल्यावर बाया रडल्या. माळाचं नाव निघालं आणि एकेक जण उठून चालती झाली.

दादा, तुम्ही नकाशा बघितला, मी माळ बघून राहिले. दोन सालं पाऊस न्हाई. गावच्या विहिरीत बादली तळाला घासते. आपण जगतो ते टँकरवर, आणि टँकर थांबतो डांबरी सडकेला, आपल्या दारात. माळावर रिकामी बैलगाडी चढवायची तर खाली उतरून ढकलावी लागते. तिथं टँकर चढंल व्हय? पक्क्या घरात बसून काय विटा चाटायच्या?

आणि बापूसाहेब बदलले म्हणता! अहो, आपल्या आज्या-पणज्यांना गावानं या सडकेच्या कडंला ढकललं, तवा ही खड्ड्याची जागा कुणी फुकट घेत नव्हतं. आता लातूर जिल्हा झाला, मुरुडकडं जाणाऱ्या मोटारी वाढल्या, तवा ह्यांना आपला कळवळा आला. त्यांचा थोरला आपल्या घरांमागं टेप लावून मोजमाप करून राहिला. पेट्रोल पंप टाकायचाय म्हणं. कामापुरता मामा, दुसरं काय!

अंगठा कुणी दिला न्हाई. आईनं तुम्हाला निरोप धाडलाय की, घर पायजे, लई पायजे, पण हितंच पायजे. आणि ती असंही म्हणाली की रामकिशनच्या क्वार्टरात नळ हाय, म्हणून त्याला माळ गोड लागतो. रागावू नका, तिचे शब्द हाईत.

वहिनीस नमस्कार. राग आला तरी लोभ सोडू नये, एवढंच मागणं.

पंचशीला

नांदेड, १५ मार्च १९८६

चि. सौ. पंचशीला हिस आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं आणि डोकं फिरलं. सरकार गरिबाच्या दारात एकदाच येतं. आज नको म्हणालात तर ही घरं दुसऱ्या गावाला जातील, आणि पुढचा पावसाळा पुन्हा त्याच गळक्या छपराखाली काढाल. एकदा घरं पदरात पाडून घ्या, पाण्याचं मागाहून बघता येईल.

दुसरं असं की या कामात माझं नाव पुढं आहे. मी सरकारी नोकर. वस्तीनं कार्यक्रमात काळे झेंडे दाखवले तर उद्या मलाच उभं करतील. कोनशिला माळावर बसेल, तुम्ही टाळ्या वाजवा आणि घरी जा. आईला माझी शपथ घाल.

जास्त काय लिहू? माझी काळजी करणारी तू एकच बहीण आहेस, हे विसरू नकोस.

रामकिशन

निंबोळगाव, २६ मार्च १९८६

ती. दादास सप्रेम जय भीम. वि. वि.

तुमची शपथ मोडली न्हाई. काळा झेंडा एकानंही दाखवला न्हाई. टाळ्या तर हात लाल होईस्तोवर वाजवल्या.

झालं असं. गावात कुणी बडा माणूस येणार म्हणलं की मांडव घालायचा, कमान उभारायची, झाडलोट करायची ती आपल्या वस्तीनं. आपल्या आज्याच्या वेळेपासूनचा हा रिवाज. बापूसाहेबांनी परवा तोच हुकूम सोडला. मांडवाचं सामान आणि कोरलेली कोनशिला आपल्या हवाली केली आणि स्वतः फेटा बांधून पाव्हण्यांना आणायला लातूरला गेले. काम कुठं करायचं हे आपण ठरवू, असं त्यांच्या स्वप्नातबी आलं नसंल.

आम्ही मांडव घातला. सडकेच्या कडंला, वस्तीच्या तोंडाशी! ज्ञानोबांनी कोनशिला आईच्या अंगणापुढं रोवली. बायांनी सडा टाकला, तोबी धुण्याच्या उरलेल्या पाण्याचा.

मोटार आली, पताका बघून थांबली. पाव्हणे उतरले. मागनं बापूसाहेब उतरले आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला हसू आवरंना. बोलणार काय? ही माणसं हितनं उचलून माळावर टाकायचीत, असं पाव्हण्यांच्या तोंडावर कसं सांगणार? वाटंत त्यांनी वस्ती आपल्या लेकरावानी सांभाळतो म्हणून फुशारकी मारली होती, ती पाव्हण्यांनी भाषणात सांगितली. आईनं टिकाव पाव्हण्यांच्या हातात दिला. त्यांनी पहिला घाव घातला आणि याच जागी वीस घरं होतील असं जाहीर केलं. पेपरवाल्यांनी फोटो काढला, मागं आपली वस्ती सगळी.

रात्री बापूसाहेबांचा माणूस दम देऊन गेला. आम्ही पाळीपाळीनं कोनशिलेपाशी बसून राहिलोत. तुमच्या नोकरीचं तेवढं जिवाला लागून हाय, दादा. पण माघार न्हाई.

बहिणीवर रुसला तरी उत्तर धाडा.

पंचशीला

नांदेड, ८ एप्रिल १९८६

चि. सौ. पंचशीला हिस अनेक आशीर्वाद व जय भीम. वि. वि.

काल साहेबांनी बोलावलं. टेबलावर तो पेपर होता. फोटोत टाळ्या वाजवणारी ही बाई तुमची कोण, म्हणून विचारलं. सख्खी बहीण, म्हणालो. कोनशिला चुकून तिथं लागली, माळावर हलवावी, असं वस्तीकडून लिहून आणा, म्हणाले. आणतो म्हणणारच होतो, खोटं कशाला सांगू? पण आईचा नळाचा टोमणा आठवला आणि मी सांगितलं की चूक वस्तीची नाही, माझी आहे. जागा न बघता मीच माळाला हो म्हणालो. लिहून हवं असेल तर हेच लिहून देतो.

पुढं काय होईल ते होवो. तुझी वहिनी म्हणते, बदली झाली तर लातूरलाच मागून घ्या. शिला सोडू नका गं!

तुम्हा सगळ्यांचा,
रामकिशन

निंबोळगाव, ३ मे १९८६

ती. दादास जय भीम. वि. वि.

हुकूम आला! जाहीर झालं तिथंच घरं. काल इंजिनिअर येऊन चुन्यानं रेघा मारून गेले. त्यांच्या नकाशात घरांची पाठ सडकेकडं होती आणि दारं मागं, नाल्याकडं. का म्हणून विचारलं तर म्हणाले, बापूसाहेबांची सूचना हाय, सडकेवरनं वस्तीची धुणीभांडी दिसायला बरं न्हाई.

आई चुन्याच्या रेघेवर जाऊन बसली. वीसच्या वीस दारं सडकेकडं निघतील तवाच उठंन, म्हणाली. ज्याला आम्ही दिसायला नको, त्यानं आपली वाट बदलावी.

इंजिनिअरांनी रेघा पुसल्या. आज नव्या मारून राहिलेत. पाया खणायला या, लोभ हातानं दाखवायची वेळ हाय.

तुमची,
पंचशीला