शनिवारी तापणारा सर्व्हर

मोका, बुधवार

प्रिय रादामेस,

पाकिटावरचं अक्षर बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील, पण फाडू नकोस. बस आणि शेवटपर्यंत वाच. मधेच कॉफी ठेवायला उठू नकोस, तू कॉफी गॅसवर ठेवून विसरतोस आणि भांडं जाळतोस. फोनच करणार होते, पण फोनवर माझा आवाज चढतो हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि या वेळी मला आवाज चढवायचा नाहीये. तुझा पत्ता शेजारच्या नुरिसने दिला. ती बहिणीकडे बाराओनाला गेली होती, तेव्हा तू तिला बंदराजवळच्या हॉटेलात प्रिंटर उघडून बसलेला दिसलास म्हणे. बारीक झालायस, एकटाच राहतोस आणि एक म्हातारा पोपट पाळलायस, एवढं सगळं तिने मी न विचारता सांगितलं. बरं बाबा, विचारलं होतं मी.

इकडचं सांगते. आपलं दुकान अजून उभं आहे. तीच खोली, तोच शेजारचा किराणावाला आणि त्याच्या दारात तेच चार म्हातारे डॉमिनोच्या सोंगट्या आपटत बसलेले. सात गिऱ्हाइकं आहेत. डॉक्टर प्लिनियोंचा दातांचा दवाखाना, दोन हार्डवेअरवाले, एक चीजवाला, अशी आपली छोटी छोटी माणसं. मी दिवसभर काय करते? पासवर्ड विसरलेल्यांना नवा पासवर्ड देते, प्रिंटरमध्ये अडकलेले कागद उपसते, लाइट गेली की इन्व्हर्टर किती वेळ दम धरेल ते बघत बसते. आणि 'लाइट आली!' असा गल्लीभर ओरडा झाला की धावत सुटते, बायांनो, एकदम सगळं चालू करू नका म्हणून सांगायला. तरी करतातच. दारावरची पाटीही तीच आहे, 'रादामेस आणि युडेल्का, कॉम्प्युटर दुरुस्ती व देखभाल'. रंग पार उडालाय. लोक विचारतात, पाटी बदलत का नाहीस गं? मी सांगते, पेंटर येत नाही.

आता मुद्द्यावर येते. डॉक्टर प्लिनियोंचा सर्व्हर गेले तीन आठवडे दर शनिवारी तापायला लागला. जुना नव्हे, त्याचं काय झालं ते तुला माहीतच आहे. त्याच्या जागी बसवलेला नवा, त्याच मापाचा. सोमवार ते शुक्रवार शहाण्यासारखा वागायचा. शनिवारी दुपारी दवाखाना बंद झाला की तासाभरात माझ्या फोनवर इशारा, तापमान वाढतंय. रविवारी आपण होऊन बंद पडायचा. दवाखान्याची किल्ली माझ्याकडे नसते; सोमवारी सकाळी दार उघडल्यावर मी धापा टाकत जावं तर हा गार, बटण दाबलं की गपगुमान चालू. मी पंखे बदलले, आतली धूळ उडवली, इन्व्हर्टर तपासला. काही सापडेना, डोकं फिरायची वेळ आली. डॉक्टर म्हणाले, "युडेल्का, आमची माणसं सोमवारी आजारी पडतात, तुझं यंत्र सुट्टीच्या दिवशी पडतं. मला तर कौतुकच वाटतं त्याचं." तिसऱ्या वेळी मात्र हसले नाहीत. म्हणाले, "मागच्यासारखं झालं ना, तर मी सान्तियागोची मोठी कंपनी आणणार." बाकीची सगळी गिऱ्हाइकं त्यांच्याच शब्दावर आलेली. त्यांनी मला काढलं असतं तर महिन्याभरात दुकानाला कुलूप लागलं असतं, आणि ती पाटीही उतरवावी लागली असती.

मागच्यासारखं! सहा वर्षांपूर्वीचा तो सोमवार. सर्व्हर तापून आतून जळालेला, त्याच्या डोक्यावर ठेवलेली बॅकअपची डिस्क पण गेलेली, आठ महिन्यांचे एक्स-रे आणि कवळ्यांची मापं, सगळं मातीमोल. तू दिवसभर त्या खोलीत बसलास, बाहेर आलास आणि डॉक्टरांसमोर म्हणालास, "पंखा साफ करायला हवा होता, मी केला नाही. चूक माझी." आपल्या कामाच्या वहीतही तेच लिहिलंस, खाली सही करून. डॉक्टरांनी तुला दार दाखवलं. आणि मी, जिने तुझी बाजू घ्यायची, तिने काय केलं? भर रस्त्यात, त्या चार म्हाताऱ्यांसमोर, तुला आळशी म्हणाले. तुझ्या भरवशावर कुणी संसार मांडू नये म्हणाले. लग्नाला दोन महिने राहिले होते. तू खाली मान घालून ऐकून घेतलंस, आणि मला त्याचाच जास्त राग आला, की हा माणूस साधा भांडत पण नाही. लग्न मोडलं आणि तू मोका सोडलंस.

तर गेल्या शनिवारी मी ठरवलं, इशारा यायची वाट बघायचीच नाही, दवाखाना बंद होतानाच आत जाऊन बसायचं. गेले तर यारित्सा बाहेरून कुलूप लावत होती. यारित्सा म्हणजे रिसेप्शनवरची नवी मुलगी. माझी आई गेल्या डिसेंबरात निवृत्त झाली, तिच्या जागी आलीये; आईला अजून तिथे सगळे मानाने 'दोन्या'च म्हणतात. केसांना रोलर लावलेले, संध्याकाळी नाचायला जायची घाई. मला म्हणाली, "अगं, आता कशाला आलीस? सगळं नीट झाकून ठेवलंय मी." माझे कान टवकारले. "काय झाकलंयस?" "सर्व्हर! पाइपसाठी रस्ता खणलाय ना, केवढी धूळ येते. सोमवारी आल्या आल्या काढते, घडी करते आणि खणात ठेवते." मी तिच्या हातातून किल्ल्या ओढल्या आणि आत पळाले. रादामेस, सर्व्हरवर क्रोशाचं कव्हर होतं! पांढरं, हिरव्या काठाचं, अननसाच्या नक्षीचं, आतून जाड कापडाचं अस्तर, आणि कोपरे असे बेतलेले की शिंप्याने माप घेऊन शिवावेत. एसी बंद, खिडक्या बंद, आणि हा बिचारा स्वेटर घालून बसलेला. आपल्याकडे मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, गॅसच्या टाकीला आणि संडासाच्या टाकीलासुद्धा कव्हर, मग यानेच काय पाप केलंय? मला हसू आवरेना. मग हसता हसता थांबले. ती नक्षी मी ओळखली होती. आमच्या घरच्या मिक्सरवर तीच आहे. "हे कुठून आणलंस?" मी विचारलं. "तुझ्या आईच्या, दोन्या एर्सिलियाच्या, खालच्या खणात होतं. इस्त्री करून ठेवलेलं. मला वाटलं यंत्राबरोबरच आलंय, इतकं छान बसतं ते."

घरी आले तर आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी कव्हर तिच्या मांडीवर टाकलं. तिने बघितलं, आणखी चार शेंगा सोलल्या आणि म्हणाली, "हे एक ना एक दिवस घरी येणार, मला माहीत होतं." मग तिने सगळं सांगितलं. तेव्हाही रस्ता खणलेला होता, तेव्हाही धूळ होती. नवीन महागडं यंत्र, होणाऱ्या जावयाने बसवलेलं, त्यावर धूळ कशी बसू द्यायची? म्हणून तिने महिनाभर खपून ते विणलं, आणि दर शनिवारी निघताना सर्व्हरला घालायची, डिस्कसकट. मला किंवा डॉक्टरांना दिसायचं नाही, कारण सोमवारी सगळ्यांच्या आधी येऊन काढायची. फक्त त्या एका सोमवारी तिची बस बंद पडली आणि तू तिच्या आधी पोचलास.

ती म्हणते, तू ते घडी करून पिशवीत ठेवलं होतंस. ती आली तेव्हा तिच्या हातात दिलंस आणि म्हणालास, "दोन्या, हे परत याला घालू नका. आणि कुणाला सांगू नका, युडेल्काला तर मुळीच नको." बाबा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आईच्या पेन्शनला पाच वर्षं बाकी होती, आणि डॉक्टरांचा तेव्हाचा राग तुला माहीत आहे, तिला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. ती तुला म्हणाली, पोरा, तू कशाला अंगावर घेतोस? तर तू म्हणालास, "मला दुसरं काम मिळेल. तुम्हाला या वयात कोण देणार?" कव्हर घरी आणायची तिची छाती झाली नाही, मी ओळखलं असतं. फेकवलंही नाही, महिन्याची मेहनत होती. म्हणून ते सहा वर्षं खणात पडून राहिलं, आणि निवृत्त होताना ती विसरून आली. दर रविवारी चर्चमध्ये ती एक जास्तीची मेणबत्ती लावते. मला वाटायचं बाबांसाठी आहे. ती तुझ्यासाठी होती.

मी भांडले. खूप भांडले, शेंगांचं टोपलं लवंडलं, शेजारीण कुंपणावरून डोकावून गेली. आई मुकाट्याने ऐकत होती, अगदी तुझ्यासारखी. मग मी तिच्या शेजारी मातीत बसले आणि शेंगा गोळा करता करता रडले. आणि खरं सांगू? रडता रडता इतकं हलकं वाटलं की काय सांगू तुला! सहा वर्षं मी स्वतःला शिव्या देत होते, की एका आळशी माणसावर जीव टाकला, आणि मेला अजून मनातून जात नाही. तो माणूस आळशी नव्हताच. माझी निवड चुकली नव्हती. माझा जीव भांड्यात पडला, रादामेस. डोळे पुसून उठले आणि दोन वाट्या भात जास्त जेवले.

सोमवारी आईने चर्चला जायचा निळा झगा घातला आणि एकटीच डॉक्टरांच्या खोलीत गेली. मी बाहेर नखं खात उभी. ती मला आत येऊ देईना, पण दार किलकिलं होतं. तिने सगळं सांगितलं, तू सगळं अंगावर घेतलंस तेही. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "दोन्या, माझ्या आईने एक्स-रे मशीनला एक विणून दिलंय, गुलाबी. मीच ते कपाटात लपवून ठेवलंय." आणि दोघं हसायला लागली. सान्तियागोच्या कंपनीचं नाव पुन्हा निघालं नाही. सर्व्हर धडधाकट आहे, एकही एक्स-रे गेलेला नाही. आणि गेला असता तरी दोन बॅकअप वेगळ्या ठिकाणी आहेत, एक माझ्याकडे, एक चीजवाल्याच्या कपाटात. सहा वर्षांपूर्वीच्या त्या सोमवारनंतर मी डिस्क कधी सर्व्हरबरोबर एका छपराखाली ठेवली नाही. यारित्साला ओरडले नाही, तिला एक ओला फडका दिला आणि धूळ कशी पुसायची ते दाखवलं. निघताना डॉक्टर म्हणाले, "त्याला कळव, माझं दार उघडं आहे. आणि माझ्या वतीने दोन शब्द बोल, मला नीट जमत नाहीत."

मलाही कुठे जमतात? आई म्हणत होती, मीच जाते बाराओनाला आणि त्याच्यासमोर उभी राहते. मी म्हटलं, तू थांब, तुझ्या आधी माझा नंबर आहे. तू झाकलंस ते यंत्र, मी तर माणसाला भर रस्त्यात बोलले. तेवढ्यासाठी हे पत्र आहे. मी चुकले, रादामेस. मला माफ कर. आणि करता आलं तर ये, पोपटाला घेऊन ये, त्या चार म्हाताऱ्यांसमोर मी हेच मोठ्या आवाजात पुन्हा म्हणेन. काल पेंटर आला होता. खरं म्हणजे तो कधीही यायला तयार होता, मीच बोलावत नव्हते. शिडीवर चढून विचारतो, कुठलं नाव ठेवायचं आणि कुठलं खोडायचं? मी म्हटलं, दोन्ही ठेव. रादामेसच्या नावाचा रंग जास्त उडालाय, आधी ते रंगव. आज सकाळी हात लावून बघितला, वाळलाय.

अजूनही तुझीच,
युडेल्का