मागची खोली आणि ‘स्पीशस’

३ मार्च, सकाळ
आजचा शब्द स्पीशस. अर्थ: वरवर बरोबर वाटणारं, पण खरं नसलेलं. इंग्रजी मला कुणी शिकवलं नाही, ह्यांची डिक्शनरी उघडून शिकते. शब्द शिकला की बोलण्यात एकदा वापरायचा, हा नियम.
मुलीचा फोन. तिला इथेच नोकरी लागली, महिनाअखेरीस माझ्याजवळ राहायला येतेय. मागची खोली तिची. रविवारपर्यंत रिकामी करते, असं ठणकावून सांगितलं.

४ मार्च
वन्सं आल्या. मागच्या खोलीत डोकावून म्हणाल्या, दादा जाऊन वर्ष झालं, वहिनी, अजून हे दात कुणासाठी सांभाळताय? भिंतभर फळ्या, त्यांवर प्लास्टरचे साचे. ह्यांनी ज्यांच्या कवळ्या केल्या त्या सगळ्यांच्या जबड्यांचे. तळाला पेन्सिलीने नाव, ह्यांच्या अक्षरात. वन्संना काय कळणार? कवळी मोडली की साचा लागतोच. मग त्या रडल्या. स्पीशस बाई. शब्द वापरून झाला.

८ मार्च, रविवार
खोली आवरायला घेतली. आधी साचे पुसले. ओल्या फडक्याने नावं जातील म्हणून कोरड्याने. एका फळीतच संध्याकाळ झाली. काम पद्धतशीर चाललंय.

१२ मार्च
मुलीला फोनवर वन्संचं सांगितलं. ती म्हणाली, माणसाला सहसा स्पीशस म्हणत नाहीत, आई. कारणाला म्हणतात, युक्तिवादाला. ऐकणाऱ्याला पटेल अशा पोकळ सबबीला. लिहून घेतलं.
खोली झाली का, तिने विचारलं. कंबर धरलीय म्हटलं. धरली होतीच, मंगळवारी.

१९ मार्च
साचे एकावर एक ठेवता येत नाहीत, दात तुटतात. चांगली खोकी मिळेपर्यंत थांबणं शहाणपणाचं.

२४ मार्च
ह्यांना काम देणाऱ्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, साचे तुमच्याकडे ठेवा, लोकांना लागतील. त्यांनी आधी मला बसवलं.
“वहिनी, हिरड्या झिजत जातात. जुन्या साच्यावर केलेली कवळी आता कुणालाच बसणार नाही. त्यांनाही हे माहीत होतं.”
मग ठेवले कशाला? तर म्हणाले, मी टाका म्हणायचो, तेव्हा ते म्हणायचे, एवढी माणसं तोंड उघडून बसतात आणि एकही तक्रार करत नाही, अशी सोबत कुठे मिळणार?
डॉक्टर भला माणूस. पण ह्यांच्याइतका अनुभव नाही.

३१ मार्च, संध्याकाळ
मुलगी आली. बॅग घेऊन सरळ मागच्या खोलीच्या दारात. फळ्या भरलेल्याच.
मी म्हटलं, सध्या माझ्याजवळ झोप. ती खोली दुपारी तापते, शिवाय प्लास्टरची धूळ छातीला वाईट. सगळी कारणं खरी. तिने बॅग दारातच ठेवली.
“बाबा माझेही होते, आई. मला त्यांच्या खोलीत झोपायचं होतं.”
मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात नक्की.

६ एप्रिल
मुलीने ऑफिसजवळ मैत्रिणीबरोबर जागा घेतली. जाण्यायेण्याचा वेळ वाचेल. सोयीचंच झालं. बॅग तिने पुरती उघडलीच नव्हती.

९ एप्रिल
खोली रिकामी केली. एकटीने, दुपारच्या आत. खोकी लागलीच नाहीत, पोत्यांत भरलं. नावं वाचत बसले नाही. कचऱ्याची गाडी घेऊनही गेली. फरशी दोनदा पुसली, खिडकीखाली तिचा पलंग लावला.
मग फोन केला. म्हटलं, ये, झाली खोली.
“आता राहू दे, आई,” म्हणाली. मग जेवलीस का विचारलं, गोळ्या घेतल्यास का विचारलं.
आवाजात राग नव्हता. असता तर समजूत काढली असती.