पाळणाघरातला फोटो

बाई, तुम्ही गेल्यावर तुमचा फोटोंचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आला, आणि तो मी वाचनालयात ठेवला. शाळेच्या सुट्टीच्या दिवशी गिरणीच्या चाळींतून हिंडून, लोकांच्या स्वयंपाकघरात बसून चहा घेत तुम्ही एकेक फोटो मागून आणला होता. मी एकदा एका फोटोमागं नुसतं 'गिरणी कामगार स्त्री' असं लिहिलं, तर तुम्ही हातातलं पेनच काढून घेतलंत. "तिला नाव नाही का? जा, विचारून ये." भर उन्हात मी गेले होते.

यंदा वाचनालयानं फेसबुकवर पान सुरू केलं आणि ते सांभाळायचं काम मला दिलं. गिरणीच्या पाळणाघराचा फोटो मीच टाकला: ओळीनं बसलेल्या बाया, मांडीवर मुलं. बघता बघता तो सोलापूरभर फिरला. लोक आपल्या आज्या, मावश्या ओळखू लागले. तुम्ही असायला हव्या होतात, असं फार वाटलं. मग कुणीतरी, कोण ते अजून कळलेलं नाही, त्यात रंग भरले आणि कुठल्याशा ॲपमध्ये घालून फोटो हलता केला. कडेच्या बाईच्या मांडीवरचं बाळ आता डोळे मिचकावतं आणि हसतं.

परवा साठीच्या एक बाई आल्या, विणकराच्या घरातल्या. खुर्ची दिली तरी उभ्याच राहिल्या. "तो माझा भाऊ हाय. फोटो काढला आन् त्याच महिन्यात गेला. मी नंतरची. आईला कुणीतरी मोबाईलवर दाखवलं. दिवसभर तेच बघायलीय, जेवंना. हसतंय म्हणती. तुमी काढून टाका की."

मी त्यांच्यादेखत पानावरचा फोटो काढला. "आता ते हलायचं थांबलं का?" त्यांनी विचारलं. हलता फोटो आमचा नाही, तो किती जणांच्या मोबाईलमध्ये गेलाय कुणास ठाऊक, हे मी सांगत राहिले. शेवटी मी त्यांच्याबरोबर घरी गेले. आई खाटेवर बसलेली. मी शेजारी टेकले, तसा तिनं मोबाईल माझ्याच हातात दिला. "सारखं थांबतंय बघ. परत लाव की गं." लेक दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी लावून दिलं.

तुम्ही काय केलं असतंत, मला सुचत नाही. हे पत्र कुठं धाडायचं तेही कळत नाही. एकच सांगायचं राहिलं. तुमचा स्नेहसंमेलनातला फोटो मीही त्या ॲपमध्ये घालून पाहिला. तुम्ही मान वळवून गोड हसलात. तसं तुम्ही कधीच हसत नव्हतात. तरी मी तो पुसलेला नाही.