पंख असलेल्याने कावड नेऊ नये

५ जानेवारी, रविवार
दु. ४ ते ६ खेळ. घाटाचा पायथा गाठला. फासा वाईट पडत होता, तीनदा ठेच लागली, पण कळशी टेकली नाही.

समोरच्या वहिनी साखर मागायला आल्या नि हॉलमध्येच उभ्या राहिल्या. "या वयात काय खेळता हो मुलींबरोबर?" सांगितलं सगळं. आमची मेघा गोष्ट सांगते. आम्ही प्रत्येकी एक माणूस घेतलंय, ते गोष्टीत चालतं-बोलतं. जमलं की फसलं हे फासा ठरवतो, वीस बाजूंचा. खारविहीर नावाचं गाव आहे, तिथलं पाणी खारट झालंय. उगमाचं गोड पाणी कावडीने पायी सात दिवस न्यायचं आणि अमावास्येच्या आत विहिरीत ओतायचं. वाटेत कळशी जमिनीला टेकली तर ते पाणी वाया. पुन्हा उगमापासून.
"म्हणजे व्रतच की," वहिनी म्हणाल्या आणि साखर घेऊन गेल्या.

डिसेंबरात मेघाची एक मैत्रीण लग्न होऊन गेली म्हणून मला बसवलं. "आई, एकच रविवार." आता माझी गोदा नसेल तर कावड हलत नाही. गोदा साधी बाई आहे, दळण-कांडण करणारी. दुसरी लोहारीण, ती नाझनीनची. नाझनीन मेघाची शाळेपासूनची मैत्रीण, औषधांच्या दुकानात काउंटरला उभी असते दिवसभर.

तांब्याचा नियम माझा. जिच्या खांद्यावर कावड असेल तिने खरा तांब्या पाण्याने भरून हातात धरायचा, खाली ठेवायचा नाही. उठायचं असेल तर दुसरीच्या हातात द्यायचा. खेळ संपला की तांब्या शिंक्यात, देवघराशेजारच्या हुकाला. आधी दोघी हसल्या. आता हात बदलतानासुद्धा श्वास धरतात.

शिधा: भाकरी ११, गूळ अर्धी ढेप, मीठ पुरेसं.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत
वाण लुटलं, बाया नऊ. संध्याकाळी धाकट्या दिरांचा तुषार तिळगूळ द्यायला आला. पुण्यात कंपनीत आहे, शनिवार-रविवार इकडे. नमस्कार केला आणि लगेच पिशवीतून पुस्तक काढलं. खेळाचं नवं पुस्तक. त्यात म्हणे नवी कुळं आली आहेत. नागकुळी, राक्षसकुळी, आणि एक देवअंशी. त्याला पंख, अंधारात दिसतं, भूक लागत नाही, झोप लागत नाही, विष चढत नाही.
"मी येतो तुमच्यात. हा घेणार," बोट ठेवून म्हणाला.
मी म्हटलं, "याला काय काय येत नाही ते लिहिलंय का त्यात?"
"मोठी आई, तेच तर आहे. सगळं येतं."
तेच तर.

तिळगूळ हातात होता म्हणून गोड बोलले. मेघा खुश, तिसरा माणूस मिळाला.

१९ जानेवारी, रविवार
डोकं ठणकतंय रागाने.

घाटात एक दरी आहे. मेघाने पंधरा दिवस खपून तिचा नकाशा काढला होता. दोराचा पूल, पुलाशी एक म्हातारी, ती प्रत्येकाला एक खरं बोलायला लावते, मगच पाय टाकू देते. मला ते चुकून वहीत दिसलं होतं आणि गोदा काय बोलेल हे मी आठवडाभर भाकऱ्या थापताना ठरवत होते.
तुषार म्हणाला, "मी उडून पलीकडे जातो. जाड दोर बांधतो. या."
झालं. म्हातारी तशीच बसून राहिली असेल.

मेघाचा चेहरा पाहिला. कागद घडी घालून वहीत ठेवला तिने. पुढे तुषार म्हणतो, "कावडच द्या ना माझ्याकडे. तासाभरात खारविहिरीत." मी तांब्या दोन्ही हातांनी धरला. म्हटलं, गोदा देत नाही. तो हसून म्हणाला, "गोदाबाई, गाव तहानलंय आणि तुम्हाला चालायची हौस."

शिध्याच्या वहीत त्याच्या नावापुढे काय लिहू? खात नाही, पीत नाही. मोकळी रेघ सोडली. ज्याच्या पोटाला काही लागत नाही त्याची गोष्ट सांगायची तरी कुठून?

२२ जानेवारी, बुधवार
मटार सोलताना मेघाशी बोलणं झालं. बोलणं म्हणजे मीच बोलत होते.
म्हटलं, तुझी गोष्ट घाटामुळे आहे. घाट उंच आहे, पाय दुखतात, कळशी जड आहे, म्हणून कोण कोणाला खांदा देतं ते कळतं. त्याला घाटच नाही. मग आम्ही दोघी कशाला? त्याच्या मागून टाळ्या वाजवायला?
ती म्हणाली, "मी त्याच्यासाठी मोठी संकटं आणेन ना. वादळ, गरुड."
"आणि त्या वादळात माझी गोदा एका फुंकरीत मरेल."
तिने टरफलं बाजूला सारली. मग म्हणाली, "आई, नाही म्हटलं तर तो येणार नाही. दोघींवर किती दिवस चालेल?"
ते खरं आहे. पण मला खरं पटायला नको होतं आज.

तिला ही कावड कुठून सुचली ते ती सांगत नाही, मला माहीत आहे. माझ्या बाबांची. दरवर्षी पैठणहून गंगेचं पाणी मढीच्या देवाला न्यायचे, पायी. एका वर्षी शेवगाव ओलांडल्यावर ओढ्यात पाय सरकला आणि कळशी वाळूला लागली. पहाटेची वेळ, मंडळी पुढे गेली होती, कोणी पाहिलं नाही. बाबा तिथून मागे फिरले. पुन्हा पैठण. चार दिवस उशिरा घरी आले तेव्हा आई चिडली, "कुनाला कळलं असतं?" बाबा पायाला तेल लावत म्हणाले, "म्या बघितलं ना."
एवढंच. मी नऊ-दहा वर्षांची असेन.

पंख असलेल्याचा पाय ओढ्यात सरकेल का कधी?

२ फेब्रुवारी, रविवार
मागच्या रविवारी खेळ नव्हता, तुषार पुण्याला अडकला. घरात शांतता होती.

आज मात्र नाझनीन फिरली. खेळ सुरू व्हायच्या आधी चप्पल काढता काढता म्हणाली, "काकू, रागावू नका. मीपण नागकुळी घेऊ का? लोहारीण राहू दे."
मी म्हटलं, "तुलाही विष चढायला नकोय का आता?"
"काकू, सकाळी नऊ ते रात्री नऊ मी माणूसच असते. पाय सुजतात, गिऱ्हाईक बोलतं, मालक बोलतो. रविवारी दोन तास तरी दमायचं नाही असं वाटतं."
 पोह्यांची डिश तिच्यापुढे सरकवली. लोहारणीने घाटात चार दिवस कावड वाहिली आहे, माझ्यापेक्षा जास्त. तिने असं म्हणावं.
मेघाने विचार करून सांगते म्हटलं.

मग तुषारचा प्रताप. तो म्हणाला, मलाही एकदा तांब्या धरू द्या. दिला. दोन मिनिटांत मोबाईल वाजला आणि हा तांब्या टीपॉयवर ठेवायला वाकला. मी मनगट धरलं त्याचं.
"जमीन कुठे आहे ही? टीपॉय आहे."
"टीपॉय म्हणजे जमीनच. खुर्ची, कट्टा, ओटा, सगळं जमीनच. हातातून सुटून दुसऱ्या कशावर टेकलं की टेकलं."
"कोर्टात गेलात का काय मोठी आई."
"लिहून घे, मेघा," मी म्हटलं. तिने लिहिलं. त्याच्याकडून तांब्या काढून घेतला. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

४ फेब्रुवारी, मंगळवार. रथसप्तमी
पाटावर रथ काढला, गच्चीत गोवरीवर दूध उतू घातलं, पूर्वेला गेलं. हे मागे उभे होते. म्हणाले, "सात घोड्यांचा रथ आभाळातून चालतो ते तुला चालतं. तुषारने पंख लावले की पोटात दुखतं."
सकाळी सकाळी.
दिवसभर तेच डोक्यात. हे अगदीच चूक बोलले नाहीत. पोथीत देव उडतात, डोंगर उचलतात. पण त्यांना कुणाचा तरी शाप असतो, कुणाला दिलेला शब्द असतो, नाहीतर सरळ बाईच्या पोटी जन्म घेऊन रडायला लागतं. अडकवल्याशिवाय पोथीवाल्याने कुणालाच आत घेतलेलं नाही. तुषारच्या पुस्तकात अडकवायचं पान नाही. नुसती ताकदीची यादी, वाण्याच्या यादीसारखी.
रात्री यांना ऐकवलं. घोरत होते.

९ फेब्रुवारी, रविवार
मेघाने निकाल दिला. पंख राहतील, नागकुळीही घ्यायची तर घ्या. पण कावड ज्याला भूक लागते त्याच्याच खांद्यावर. दुसऱ्याने उचलली तर पाणी खारट.
तुषार म्हणाला, "मग मी काय नुसत्या घिरट्या घालू?"
मी म्हटलं, "घाल. घारी घालतातच."
नाझनीन हसली, आणि म्हणाली, मग मी लोहारीणच राहते. हे मला फार आवडलं.

घाटमाथा आला. कावड गोदाच्या खांद्यावर, तांब्या माझ्या डाव्या हातात. शेवटची चढण, मेघा आवाज बारीक करून सांगत होती, वारा, सैल दगड. मला करपल्याचा वास आला. चहाचं दूध ठेवून विसरले होते. तशीच उठले, तांब्यासकट. दूध उतू जाऊन शेगडीभर झालं होतं, वर फसफसतच होतं. बटण बंद केलं. पातेलं उतरवायला सांडशी एका हाताने बसेना.

तांब्या ओट्यावर ठेवला.

पातेलं उतरवलं. तांब्या उचलला. सगळं मिळून किती वेळ, दोन श्वास. हॉलमधून मेघा, "आई, फासा टाक, सगळे थांबलेत." गेले, टाकला. एकोणीस.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नाझनीनने मिठी मारली. तुषारसुद्धा म्हणाला, "मानलं, गोदाबाई." घाट उतरलो. खारविहीर एका दिवसावर, अमावास्येला दोन दिवस.

तांब्या शिंक्यात ठेवला. ओटा दोनदा पुसला.

१० फेब्रुवारी, सोमवार
दूध अर्धा लि. वाया. बाकी विशेष नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार
पूजा करताना शिंकं डोळ्यासमोर येतं. तिथे हूक ठोकायला मीच सांगितलं होतं.

खेळच आहे. मेघा गोष्ट सांगते आणि आम्ही पोहे खातो. गोदाने काही ठेवलं नाही, मी ठेवलं. गोदा घाटात होती, तिच्याकडे ओटा कुठला?
पण तांब्या म्हणजेच कळशी हे कोण म्हणालं होतं? तुषारचं मनगट कोणी धरलं होतं?

मेघाच्या वहीत आहे ते. मी चोरून पाहिलं. तिने "ओटा"सुद्धा लिहून घेतलाय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
सांगितलं तर काय होतं ते मांडून पाहिलं. पाणी वाया. उगम पायी सहा दिवस मागे, अमावास्या दोन दिवसांवर. गाव जातं. डिसेंबरपासूनचे सगळे रविवार जातात, नाझनीनचे चार दिवस जातात.
वेळेत उगमाला जाऊन येईल असा आमच्यात एकच आहे. त्याने आणलं तरी मेघाच्या निकालाप्रमाणे ते खारट. निकाल मीच मागून घेतला होता. तिला म्हणावं लागेल, निकाल बदल, त्याला उडू दे. मी म्हणायचं हे.

आणि न सांगता ओतलं तर? विहीर गोड होईल. मेघाला काय कळणार, ती सांगेल, गोड झाली.

माझं मत बदललेलं नाही. देवअंशी घेऊन गोष्ट सपाट होते, हे मी आजही म्हणेन. माझ्या जागी असा देवअंशी असता तर दूध उतू गेलं नसतं, आणि मग आज मला झोप न येण्यासारखं काही झालंच नसतं. माझं म्हणणं तेच तर होतं. पण या बाजूने खरं होईल असं वाटलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार
दु. तुषारचा मेसेज. तसाच उतरवते.
"मोठी आई, महिनाभर डोकं खाल्लं तुमचं. उद्या खेळ सुरू झाला की माझा देवअंशी वेशीवर स्वतःचे पंख कापणार. मग भूक लागेल त्याला. शेवटची वेस ते विहीर कावड मला द्याल? मेघाला सांगू नका, सरप्राइज आहे. भाकरी एक जास्त लिहा."
दोनदा वाचला. अंगठा पाठवला.

यांना म्हटलं, तुषार तसा चांगला आहे. म्हणाले, "बरं वाटत नाही का तुला?"

१६ फेब्रुवारी, रविवार. संकष्टी
उपास आहे. चंद्रोदय उशिरा. साबुदाणा भिजवला.

सकाळी तांब्यात डोकावून पाहिलं. तेच पाणी. वास नाही, रंग नाही. चाखायचं मनात आलं, नाही चाखलं.

पंख आज कापणार. एकदा कापले की मेघा परत देणार नाही, तिचा तसा नियमच आहे, आणि उगमाला वेळेत जाणारं कोणी उरणार नाही. म्हणजे बोलायचं तर त्याच्या आधी. दार उघडल्यापासून तो फासा हातात घेईपर्यंत, एवढाच वेळ. महिनाभर मीच त्याचे पंख छाटायला टपले होते.

बाबांचे पुन्हा पैठण करण्यात चार दिवस गेले. त्यांना कोणाच्या तोंडावर बोलायचं नव्हतं, नुसतं चालायचं होतं. मला ते सोपं वाटायला लागलंय.

शिध्याच्या वहीत तुषारच्या नावापुढची मोकळी रेघ. तिथे एक भाकरी लिहिली. खोडली. तशीच ठेवली.

पावणेचार. दूध आधीच तापवून गॅस बंद केलाय. तांब्या शिंक्यातून काढलाय, डाव्या हातात आहे, उजव्याने हे लिहितेय. जिन्यात तुषार आणि नाझनीन कशावरून तरी हसत वर येताहेत. मेघा बाथरूममधून ओरडतेय, आई, दार.