अडीच इंची देवदूत

प्रिय आप्पा,

काल श्रीरामपूरला जाऊन आले. चर्चच्या दारातल्या आपल्या दोन देवदूतांना नवा रंग दिला. चर्चचं सगळं बघणाऱ्या मार्थाबाईंनी विचारलं, "मिस्त्री कुठायत?" तुम्ही पावसाळ्यात गेलात, हे त्यांना कळलंच नव्हतं. मला सांगावं लागलं. दोघींचे डोळे भरले, आणि मग देवदूतांकडे बघून आम्ही हसतच सुटलो! म्हणून हे पत्र.

आठवतं ना? शेडला लागतो त्या लोखंडी अँगलचं इंग्रजी स्पेलिंग तुम्ही बिलावर कायम चुकवायचात. शेवटी एल-ई हवं, तिथे ई-एल. "आप्पा, याचं एंजल होतं, एंजल! अडीच इंची देवदूत कुणाला विकताय?" नुकतीच बी.कॉम. झालेली मी, काय तो तोरा!

"वजनाला बरोबर हाय ना? मग झालं," तुम्ही म्हणायचात.

नाताळाच्या आठवड्यात मोबाईलवर मार्थाबाईंचा इंग्रजी मेसेज आला. सहा फुटी दोन एंजल, पांढरा रंग. मला वाटलं, घ्या, यांचंही स्पेलिंग तुमच्यासारखंच! मी ते 'सुधारलं' आणि वहीत अँगल लिहिलं. एक फोन करायला काय झालं होतं मला?

त्या टेम्पो घेऊन नागापूरला आपल्या वर्कशॉपवर आल्या, तेव्हा भिंतीला दोन पांढरेशुभ्र अँगल टेकवलेले होते.

"हे काय? आमचे देवदूत कुठायत?"

मी मेसेज पुन्हा वाचला. कान तापले. परवावर नाताळ!

तुम्ही मात्र असे हसलात, की शेजारच्या लेथवाल्याने मशीन बंद केलं. "बाई, उद्या सांजच्याला या. लोखंड तयार हाय, निस्ते पंख लावायचे ऱ्हायलेत!"

मग मला विचारलंत, "देवदूत दिसतो कसा गं?" मी हात पसरून उभी राहिले, तुम्ही खडूने माप काढलंत. कामगार गावी गेलेले, म्हणून वेल्डिंगचा होल्डर पहिल्यांदा माझ्या हातात आला. त्याआधी का दिला नाहीत हो कधी? पत्र्याची पिसं मी जोडली. पहिली चार गळून पडली. "पडू दे. पिसं गळत्यातच," तुम्ही म्हणालात. चेहरे तुम्ही रंगवलेत. चहा घेऊन आलेली आई म्हणाली, "ह्यो माझ्यावानी डोळे वटारून का बघतोय?"

दुसऱ्या दिवशी मार्थाबाई दोन्ही देवदूतांभोवती फिरून आल्या. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी पदराने एका देवदूताचा गाल पुसला. "जरा वाकलेत दोघं. असू द्या. माणसांकडे वाकूनच बघावं लागतं."

काल त्यांनी तिसरा सांगितलाय. तो मी एकटी करणार आहे. आप्पा, शब्द देते, कळलं नाही तिथे विचारीन. आणि चुकलंच, तर आधी तुमच्यासारखी पोटभर हसेन, मग कामाला लागेन.

तुमची,
सुमन